आधी खुर्च्या मांडा

दर वर्षी ट्रेनी काउन्सेलर्सच्या सर्व्हिस लर्निंगच्या, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून समाजात जाऊन केलेल्या कामाच्या, जर्नल्सचा गठ्ठा माझ्याकडे तपासायला येतो आणि दर वर्षी त्यात एक वाक्य हमखास सापडतं, कुणाच्या पहिल्या पानावर तर कुणाच्या शेवटच्या. "तिथं गेल्यावर जाणवलं की मी किती नशीबवान आहे." निवारागृहात वीस तास काढले, नशीबवान. निर्वासितांच्या केंद्रात वीस तास काढले, तरी नशीबवानच. आधी मी त्यावर बरोबरची खूण करायचे, कारण पोरं मनापासून लिहितात, खोटं नसतं त्यात काही. आता मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारते आणि बाजूला लिहिते, "हे तुझ्याबद्दल झालं. तिथल्या माणसांबद्दल काय कळलं?" बऱ्याचदा उत्तर येत नाही, कारण कळलेलं काही नसतंच, सगळे तास स्वतःकडे बघण्यात गेलेले असतात.

मी सर्व्हिस लर्निंगच्या विरोधात नाहीये हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर अर्धं वाचून लोक तेच धरून बसतात. काउन्सेलर घडवताना ही गोष्ट हवी, खरंतर आत्ता आहे त्यापेक्षा जास्त हवी. पण ट्रेनीला तिथं मदत करणारा म्हणून पाठवणं बंद करायला हवं. त्या तासांमध्ये त्याला काउन्सेलिंग करूच देऊ नये, अजिबात. खुर्च्या मांडू दे, टोकन वाटू दे, फोन उचलू दे, फॉर्मच्या झेरॉक्स काढू दे, आणि हे सगळं तिथल्या माणसांच्या हाताखाली, ते सांगतील तसं. माझ्या डिपार्टमेंटमध्ये हे बोलले तेव्हा लोक हसले होते. दोन वर्षांची मास्टर्स करणाऱ्या मुलांना झेरॉक्स काढायला पाठवायचं म्हणे!

सर्व्हिस लर्निंग म्हणजे नुसतं व्हॉलंटिअरिंग नव्हे आणि इंटर्नशिपही नव्हे, आणि हा घोळ इतका आहे की विद्यार्थी सोडा, शिकवणारेही कधीकधी तिन्ही शब्द एकाच दमात वापरतात. व्हॉलंटिअर काम करतो आणि घरी जातो, त्यानं काय शिकलं हे कुणी विचारत नाही. इंटर्न धंदा शिकायला येतो, त्याच्यासमोर खरे क्लायंट असतात आणि डोक्यावर सुपरव्हायझर. सर्व्हिस लर्निंगमध्ये काम समाजाच्या गरजेचं असतं आणि शिकणं कोर्सचं, दोन्ही एकमेकांना बांधलेलं, आणि मध्ये विचार करायला सक्तीची जागा असते, म्हणजे जर्नल, चर्चा वगैरे. अनुभवातून शिकण्याची ही कल्पना अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईपर्यंत मागे जाते, आणि ड्युईनं १९३८ मध्येच बजावून ठेवलं होतं की सगळेच अनुभव काही शिकवत नाहीत, काही अनुभव तर पुढचं शिकणं बंद करून टाकतात. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. सर्व्हिस लर्निंग हा शब्द अमेरिकेत १९६० च्या दशकात रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे यांच्या कामातून रुळला, आणि १९७९ मध्ये सिग्मननं त्याची तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच तत्त्व असं की ज्यांची सेवा होतेय, त्या सेवेवर ताबा त्यांचा असला पाहिजे. म्हणजे मी काही जगावेगळं बोलत नाहीये, या सगळ्या प्रकाराच्या पायात जे होतं तेच बोलतेय. मधल्या काळात तो ताबा हळूच युनिव्हर्सिटीच्या टाइमटेबलकडे गेला इतकंच.

आता काउन्सेलिंगला याची गरज का पडली? कारण हा व्यवसाय फार वर्षं स्वतःच्याच कोशात होता. गिल्बर्ट रेन यांनी १९६२ मध्ये यावर लेख लिहिला, की काउन्सेलर आपल्याच संस्कृतीच्या कोशात बसलेला असतो आणि त्याला वाटतं हेच जग. पुढे १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली सू यांनी अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या मानसिक आरोग्य केंद्रांचे आकडे मांडले. अल्पसंख्य समाजांतले साधारण निम्मे क्लायंट पहिल्या सेशननंतर परत आलेच नव्हते, गोऱ्या क्लायंटमध्ये तेच प्रमाण ३० टक्के होतं. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा थोडा वेळ शांतता असते, कारण प्रत्येकाच्या मनात तेच येतं, की जो परत येत नाही तो का आला नाही हे सांगायलाही येत नाही. तक्रार नाही, भांडण नाही, खुर्ची रिकामी. आणि काउन्सेलर फाईलमध्ये लिहितो, क्लायंटची तयारी नव्हती.

मग १९८२ मध्ये डेराल्ड विंग सू आणि सहकाऱ्यांनी बहुसांस्कृतिक क्षमतेची चौकट दिली, स्वतःच्या समजुतींची जाणीव, समोरच्याच्या जगाचं ज्ञान आणि त्याला साजेशी कौशल्यं. १९९२ मध्ये सू, पॅट्रिशिया अॅरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी ती ३१ क्षमतांपर्यंत नेली, आणि २०१५ मध्ये नव्या आवृत्तीत सामाजिक न्यायही आला. कागद उत्तम आहेत, खरंच. अडचण अशी की क्षमता म्हटलं की ती मिळवता येते असं वाटतं, एक पेपर दिला, पास झालो, आली क्षमता. बहुतेक ठिकाणी हा विषय एका सेमिस्टरचा एक कोर्स असतो, एका आठवड्याला एक समाज, सहाव्या आठवड्यात अमुक लोक, सातव्यात तमुक लोक, परीक्षेत चार मार्कांना त्यांची वैशिष्ट्यं लिहा.

याचं काय होतं ते १९९८ च्या एका लेखात आहे, मेलानी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांचा. ऑपरेशननंतर काही तासांनी एक मध्यमवयीन लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाची, बाई कण्हत पडलीय. एक लॅटिनो डॉक्टर येतो, तो नर्सला म्हणतो की यांना फार दुखतंय बहुतेक. नर्स आफ्रिकन अमेरिकन, म्हणजे भेदभाव काय असतो हे तिला कुणी शिकवायची गरज नसावी. ती त्याचं म्हणणं उडवून लावते, कारण तिनं नर्सिंग कॉलेजात आंतरसांस्कृतिक वैद्यकाचा कोर्स केलेला असतो आणि त्यामुळे तिला "माहीत" असतं की हिस्पॅनिक, म्हणजे त्या बाईसारखे, पेशंट दुखणं वाढवून सांगतात. मला यात सगळ्यात भीतीदायक काय वाटतं, तर ती नर्स दुष्ट नाहीये, ती हुशार विद्यार्थिनी आहे. कोर्स केला नसता तर कदाचित तिनं पेशंटकडे बघितलं असतं. याच लेखातून सांस्कृतिक नम्रता हा शब्द पुढे आला, म्हणजे क्षमता मिळवून संपत नाही, समोरच्यासमोर आयुष्यभर विद्यार्थी राहावं लागतं. शब्द गोड आहे म्हणून आता तोही सगळ्या ब्रोशरमध्ये छापून येतो.

तर पुस्तकातून हे येत नाही हे मान्य झालं आणि लोक म्हणाले पोरांना बाहेर पाठवा. बरोबर आहे. पण बाहेर पाठवलं की आपोआप शहाणपण येतं या समजुतीनं गाडी अडते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्ये सांगितलं होतं की दोन गटांतले लोक एकमेकांच्या संपर्कात आले की पूर्वग्रह कमी होऊ शकतात, पण त्यानं सोबत अटी घातल्या होत्या, दोघांचा दर्जा त्या ठिकाणी समान हवा, ध्येय एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात असं निघालं की अटी नसल्या तरी संपर्काचा थोडाफार फायदा होतो, पण असल्या तर जास्त होतो. आता हे डोक्यात ठेवून सर्व्हिस लर्निंगची नेहमीची पद्धत बघा. एक जण द्यायला आलेला, दुसरा घ्यायला बसलेला. एकाच्या गळ्यात आयडी कार्ड, दुसऱ्याच्या हातात टोकन. एक सेमिस्टर संपलं की जाणार, दुसऱ्याला जायला जागाच नाही. समान दर्जाची अट दारातच गळून पडली की! वर ट्रेनीला आपण 'जरा ऐकून घ्या लोकांचं, स्किल्स वापरून बघा' असं सांगून पाठवतो, म्हणजे भावी काउन्सेलरचा जो मूळ आजार, की आपण मदत करणारे आणि समोरचा अडलेला, तोच आपण वीस तास पक्का करून घेतो. काउन्सेलरची खुर्ची तर त्याला पुढे तीस वर्षं मिळणारच आहे. ती खुर्ची नसताना माणसं कशी दिसतात हे बघायची संधी त्याला एकदाच मिळते आणि आपण तीही घालवतो.

समाजचिंतक इव्हान इलिचनं १९६८ मध्ये मेक्सिकोत क्वेर्नावाकाला अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं होतं. त्या पोरांनी त्याला भाषणाला बोलावलं होतं आणि यानं त्यांना तोंडावर सांगितलं की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. मी इतकी टोकाला जात नाही. पण त्यातली मेख मला पटते, मदत करायला आलेल्या माणसाला बघता येत नाही, त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे असतं.

माझंच सांगते. मी शिकत असताना मला निर्वासित कुटुंबांच्या एका केंद्रावर पाठवलं होतं. मी तयारीनं गेले, ट्रॉमावरचं वाचन करून, मऊ आवाज लावून. केंद्र चालवणाऱ्या बाई स्वतः पंधरा वर्षांपूर्वी तशाच आलेल्या होत्या. त्यांनी माझं लेटर वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "आधी खुर्च्या मांडा. दहाला ग्रुप आहे." मला वाटलं आजचा दिवस असेल. पुढचे दोन महिने मी खुर्च्या मांडल्या.

वर्गात शिकवल्याप्रमाणे मी छान गोल मांडायचे, सगळ्यांना सगळे दिसतील असा, मध्ये थोडी मोकळी जागा. लोक यायचे आणि बसायच्या आधी खुर्च्या ओढून भिंतीला लावायचे. गोलाचं लांबट काहीतरी व्हायचं, दोन-तीन खुर्च्या तर पार कोपऱ्यात. पुढच्या आठवड्यात मी परत गोल. ते परत भिंतीला. मला आधी वाटलं त्यांना ग्रुपची सवय नाही, मग वाटलं प्रतिकार आहे, तो शब्द नुकताच शिकले होते ना, कुठंतरी लावायला हवा होता. जर्नलमध्ये मी अर्धं पान त्या प्रतिकारावर लिहिलंय, आजही माझ्याकडे आहे ते, वाचलं की कानशिलं गरम होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या बाईंनी मला खुर्च्या गोलात सरकवताना बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "पाठ उघडी टाकून कुणी बसत नाही इथं. दार दिसलं पाहिजे त्यांना." बस्स, एवढंच. त्या पुढच्या कामाला गेल्या, मी खुर्ची हातात धरून उभी.

आज माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या क्लायंटला मी आधी विचारते की तुम्हाला कुठं बसायचंय, आणि मग मी उरलेल्या खुर्चीत बसते. लोक चकित होतात. काही जण दार दिसेल तिथं बसतात, काही जण दाराकडे पाठ करतात, खिडकी धरणारेही असतात, आणि पहिल्या मिनिटात मला जे कळतं ते पहिल्या भेटीत भरायच्या कुठल्याही इनटेक फॉर्मवर नसतं. हे मला ट्रॉमाच्या पुस्तकात सापडलं असतं का? असेल कुठंतरी. पण वाचून मी ते 'निर्वासितांची वैशिष्ट्यं' या मथळ्याखाली टाकलं असतं आणि कण्हणाऱ्या पेशंटच्या उशाशी उभ्या असलेल्या त्या नर्ससारखं प्रत्येकावर लावत सुटले असते. स्वतःची चूक पन्नास खुर्च्या उचलून दुरुस्त करावी लागली म्हणून ती हाडात गेली.

तिथंच बघितलेली दुसरी गोष्ट. एक आई आणि तिचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. ऑफिसात दुभाषी नव्हता त्या दिवशी, म्हणून मुलगाच भाषांतर करत होता, मी बाजूला फाईली लावत बसले होते. सोशल वर्करनं विचारलं, झोप लागते का? मुलानं आईला विचारलं. आई बोलत राहिली, दोन मिनिटं तरी, हात हलवत, मध्ये एकदा थांबली, परत बोलली. मुलगा खाली बघत होता. मग त्यानं वर बघून सांगितलं, "हो म्हणतेय. लागते." सोशल वर्करनं फॉर्मवर हो ला टिक केली. ती वाईट होती असं नाही, बाहेर रांग होती. पण मी जर त्या टेबलाच्या पलीकडे मदतनीस म्हणून बसले असते तर माझं लक्षही पुढच्या प्रश्नाकडेच असतं. फाईली लावणाऱ्याला वेळ असतो, म्हणून मला ती दोन मिनिटं आणि ते दोन शब्द यांतलं अंतर दिसलं. घरातल्या मुलाला दुभाषी करू नये हे मी नंतर पाठ्यपुस्तकात वाचलं, नियम म्हणून. पण मला नियमाआधी त्या पोराची मान आठवते.

यावर माझे सहकारी जे आक्षेप घेतात ते फालतू नाहीयेत. पहिला म्हणजे वेळ कुठाय? अमेरिकेत काउन्सेलिंगच्या कोर्सना मान्यता देणारी केक्रेप संस्था प्रॅक्टिकमचे, म्हणजे देखरेखीखालच्या सुरुवातीच्या सरावाचे, किमान १०० तास आणि इंटर्नशिपचे ६०० तास मागते, त्यातले ४० आणि २४० तास थेट क्लायंटसोबत. बाकीच्या देशांत आकडे वेगळे असतील पण ओझं हेच. त्यावर हे आणखी, तेही बिनपगारी, आणि अर्धे विद्यार्थी नोकरी करून शिकतात. हे मला मान्य आहे आणि म्हणूनच मी तास वाढवा म्हणत नाहीये, पसरवा म्हणतेय. पंधरा दिवसांत कोंबलेले वीस तास म्हणजे सहल असते. तेच आठवड्याला एक तास असे वर्षाच्या मोठ्या भागात पसरले तर तुम्ही त्या जागेच्या ओळखीचे होता, लोक तुमच्यासमोर नेहमीसारखं वागायला लागतात, भांडतात, चेष्टा करतात, कंटाळतात. दुःखात असलेला माणूस चोवीस तास दुःखी नसतो हे तिथंच कळतं, आणि काउन्सेलरला हे कळणं फार गरजेचं आहे कारण त्याच्या खोलीत येणारा प्रत्येक जण ठरलेल्या वेळी दुःख घेऊनच येतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो मला एका विद्यार्थ्यानंच ऐकवला. त्याचं लहानपण निवारागृहात गेलेलं. आमच्या प्लेसमेंटच्या, म्हणजे कुणाला कुठं पाठवायचं त्या, यादीत त्याच्या वाट्याला निवारागृहच आलं. तो मला म्हणाला, "मॅडम, मी तिथं जाऊन नक्की कुणाची संस्कृती शिकू?" मी गप्पच बसले. या सगळ्या आखणीत आपण धरूनच चाललोय की ट्रेनी सुखवस्तू, बहुसंख्य समाजातला, आणि 'दुसरे' लोक कुठंतरी बाहेर आहेत ज्यांना भेटायला बसनं जावं लागतं. २०१५ च्या चौकटीत हे स्पष्ट आहे की काउन्सेलर वंचित समाजातला आणि क्लायंट सत्तेच्या बाजूचा असंही होतं, आणि दोघेही वंचित असंही होतं. पण आपली प्लेसमेंटची यादी अजून रेन यांच्या १९६२ मध्येच आहे. अशा विद्यार्थ्याला त्याच्याच जुन्या आयुष्याची ट्रिप घडवण्यात काय अर्थ? त्याला मग एखाद्या श्रीमंत वस्तीतल्या वृद्धाश्रमात पाठवलं, तिथं तो पत्ते पिसून द्यायचा आणि हिशोबाची वही लिहायचा. त्यानं जर्नलमध्ये लिहिलं की पैसेवाले लोक एकटे असतात तेव्हा ते आधी तक्रार करतात, जेवणाची, पंख्याची, नर्सची, आणि तक्रार ऐकून घेतली की मग मुलाबद्दल बोलतात, आणि त्याला स्वतःला तक्रार ऐकली की राग यायचा. ते पान मी बाकीच्या वर्गाला वाचून दाखवलं, अर्थात त्याला विचारून.

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून कुणी घेत नाही, मीच घेते. त्या केंद्रांचं काय? रँडी स्टोएकर आणि एलिझाबेथ ट्रायॉन यांनी २००९ मध्ये याच बाजूवर काम प्रसिद्ध केलं, म्हणजे संस्थांना विचारलं की आमचे विद्यार्थी तुमच्याकडे येतात त्यानं तुमचं काय होतं. थोड्या दिवसांच्या प्लेसमेंटबद्दल नाराजी बरीच होती, शिकवायला आमचा वेळ जातो, आणि पोरगं कामाचं होईपर्यंत सेमिस्टर संपतं. काउन्सेलिंगच्या ट्रेनीबाबत तर हे आणखी वाईट. तो जाऊन मऊ आवाजात कुणाला तरी बोलतं करतो, ते माणूस कधी नव्हे ते उघडं होतं, आणि सहाव्या आठवड्यात हा जातो. त्याच्या जर्नलमध्ये 'फार मोठा अनुभव' आणि त्या माणसाच्या खात्यात आणखी एक गेलेला. सुपरव्हिजन नाही, पुढची सोय नाही, फाईल नाही. कुठल्याही क्लिनिकमध्ये हे कुणी चालवून घेणार नाही, मग सेवेच्या नावाखाली कसं चालतं? खुर्च्या मांडणारा गेला तर कुणाचं मन मोडत नाही. फार तर पुढच्या आठवड्यात खुर्च्या कोण मांडणार एवढाच प्रश्न येतो, आणि तो प्रश्न प्रामाणिक आहे.

आणि हे सगळं मोजायचं कसं? आत्ता आपण कोर्सच्या आधी एक प्रश्नावली देतो, नंतर तीच परत देतो, 'वेगळ्या संस्कृतीतल्या क्लायंटसोबत काम करायला मी सक्षम आहे, १ ते ५', आणि मधला फरक रिपोर्टात टाकतो. मॅडोना कॉन्स्टंटाइन आणि निकोलस लॅडनी यांनी २००० मध्ये अशा स्वतःच स्वतःला मार्क देण्याच्या चाचण्या तपासल्या. चारचौघांत चांगलं दिसावं या ओढीचा परिणाम बाजूला काढल्यावर, त्या मार्कांचा आणि प्रत्यक्ष केस समजून घेताना संस्कृतीचा विचार करता येण्याचा संबंधच उरला नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. माझे सगळ्यात चांगले ट्रेनी वर्षाच्या शेवटी स्वतःला सुरुवातीपेक्षा कमी मार्क देतात, आणि प्रश्नावलीच्या हिशोबात तो कोर्स फेल.

म्हणून मला वाटतं मार्कांचा काही भाग तिथल्या माणसांच्या हातात द्यावा. नावापुरता नाही, निदान अर्धा. वेळेवर येतो का, सांगितलेलं ऐकतो का, चुकला की कारणं देतो की विचारतो, लोकांची नावं नीट घेतो का. नावांचं मी मुद्दाम म्हणतेय, महिनाभर एखाद्याचं नाव चुकीचं उच्चारणारा माणूस पुढे त्याची अस्मिता वगैरे काय समजून घेणार आहे? आणि त्या संस्थेला या कामाचे पैसेही द्यावेत, कारण शिकवतायत त्या. आपण फी घेतो आणि शिकवायचं काम त्यांच्यावर ढकलतो, वर आभाराचं पत्र पाठवतो. जर्नलचा प्रश्नही बदलावा. 'तुला काय वाटलं' हे विचारणं बंद, 'या आठवड्यात तुझा कुठला अंदाज चुकला आणि तो कुणी दुरुस्त केला' एवढंच विचारावं. पहिल्या आठवड्यात पोरं चिडतात, म्हणतात काहीच चुकलं नाही. ते उत्तर जपून ठेवावं, वर्षाच्या शेवटी परत त्यांच्या हातात द्यावं.

लोकांच्या हाताखाली शिकणं म्हणजे काय याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं, ते ट्रेनिंगचं नाही पण जवळचं आहे. झिम्बाब्वेत हरारेला डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञानं २००६ च्या सुमारास आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं, लोकांनी येऊन बोलावं म्हणून. आधी त्यानं बाकाला मानसिक आरोग्याचं नाव दिलं होतं आणि त्यावर कुणी बसायला तयार नव्हतं. आज्यांनी त्याला सांगितलं की हे नाव बदल, मैत्रीचा बाक म्हण. निदानासाठीचे शब्दही बाजूला ठेवून शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा' हा शब्द वापरला, म्हणजे फार विचार करत राहणं. २०१६ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली, २४ दवाखाने, ५७३ लोक, आणि बाकावरच्या लोकांची लक्षणं स्पष्ट कमी झालेली. मी ट्रेनींना विचारते की यात सगळ्यात जास्त शिकलेला माणूस कोण, आणि तो कधी शिकला? ज्या क्षणी त्यानं नाव बदललं तेव्हा. तज्ज्ञाला ते स्वतःला सुचलं नव्हतं, कुणीतरी सांगावं लागलं, आणि मुख्य म्हणजे त्याला सांगता येईल असं तो त्यांच्यात वावरत होता.

डिपार्टमेंटमध्ये शेवटी हे सगळं मंजूर झालं नाही. दहा ट्रेनींवर एक वर्ष करून बघा म्हणाले, आणि मार्कांमध्ये केंद्राचा वाटा अर्ध्याऐवजी दहा टक्के. ठीक आहे, नाहीपेक्षा बरं. फीच्या पैशांचा विषय तर कुणी काढूच दिला नाही. दहातल्या दोघांनी मध्येच बदलून मागितलं, एकीनं सरळ सांगितलं की मी यासाठी कर्ज काढलेलं नाही, आणि तिचं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. बाकीचे टिकले.

परवा एका केंद्राकडून मूल्यमापनाचा फॉर्म परत आला. आम्ही पाठवलेले पंधरा रकाने त्यांनी मोकळे सोडले होते, सांस्कृतिक संवेदनशीलता, संवादकौशल्य, सगळे. खालच्या समासात तिथल्या व्यवस्थापक बाईंनी पेनानं लिहिलं होतं, "आधी सगळ्यांना सांगायचा कुठं बसा. आता विचारतो. जून नंतर पण येणार म्हणालाय, बघू." ऑफिसातल्या क्लार्कनं मला तो फॉर्म परत पाठवला, रकाने न भरल्यामुळे सिस्टीममध्ये चढत नाही म्हणून.